आबासाहेब माणसं ओळखतात

पाटोद्याच्या कोर्टात आबासाहेब साक्षीला आले ते वरातीत आल्यासारखे. कडक इस्त्रीचे कपडे आणि मागे जीपभर माणसं. दूध सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे चेअरमनसाहेबांना कोर्टातसुद्धा सभासदांपुढे मिरवायचं होतं. कोपऱ्यात बसलेल्या पारूबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसानं बोट दाखवलं म्हणून तिचा लेक शहादेव वर्षभर तुरुंगात सडत होता. आज पुन्हा त्याच बोटावर त्याची सुटका किंवा सजा ठरायची होती.

घडलं होतं ते असं. दिवेलागणीला घाटात तिघांनी आबासाहेबांची जीप अडवली आणि गळ्यातला सोन्याचा गोफ ओरबाडून नेला. तिघांच्याही तोंडाला फडकी होती. झटापटीत एकाचं फडकं सुटलं, तेवढ्यात आबासाहेबांना म्हणे अख्खा चेहरा दिसला. मानेवर सुरी टेकलेली असताना साहेब नाक-डोळे न्याहाळत बसले होते! शहादेव त्याच संध्याकाळी ऊसतोडीवरून घाटातून पायी घरी येत होता. पोलिसांना तेवढं पुरलं.

मग ओळख परेड झाली. रांगेत शहादेवच्या वयाची, त्याच्याच बांध्याची आणखी माणसं उभी करायची होती. त्यासाठी हवालदार कशाला उन्हात वणवण करेल? दुष्काळात रिकामी माणसं हमखास एका जागी सापडत, सोसायटीच्या चारा छावणीत. जनावरांपाशी बसलेले चार-पाच जण त्यानं गाडीत घातले आणि आणून उभे केले. आबासाहेब रांगेवरून फिरले, शहादेवपुढे थांबले आणि म्हणाले, "हाच!"

आज पिंजऱ्यात उभं राहूनही त्यांनी तेच सांगितलं. "मेलो तरी हा चेहरा इसरायचा न्हाई."

ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते, हे पारूबाईला दिसत होतं. त्याचाच तिला जास्त संताप आला. खोटारड्याला निदान आपलं खोटं ठाऊक तरी असतं.

शहादेवचे वकील अर्जुनराव उठले. अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "आबासाहेब, परेडमधली बाकीची माणसं तुम्हाला अनोळखीच असतील, नाही?"

सरकारी वकिलांनी चटकन मान वर केली. आबासाहेबांनी "हो" म्हटलं की सरकारी बाजूचं काम फत्ते होतं. पण परेडला उभे राहिलेले धोंडीराम आणि आसाराम आज मागच्या बाकावरच बसले होते. आबासाहेबांनीच त्यांना जीपमधून आणलं होतं. दोघंही आता कान टवकारून ऐकत होते.

"अनोळखी?" आबासाहेब भडकले. "माज्या छावणीतली माणसं हायती ती! हा धोंडीराम, तो आसाराम. रोज रामराम घालत्यात मला. सोसायटीचा एकेक माणूस मी नावानिशी वळखतो!"

मागचा बाक खूश झाला. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे रांगेत तुमच्या ओळखीचा नव्हता असा एकच माणूस होता?"

"व्हय. हाच की!"

आपण काय बोलून बसलो ते आबासाहेबांना तेव्हाही कळलं नाही. पारूबाई एवढ्या मोठ्यानं हसली की शिपाई तिच्यावर खेकसला.

शहादेव निर्दोष सुटला. गेलेलं वर्ष मात्र त्याला कोणी परत दिलं नाही, आणि कोणी साधी माफीसुद्धा मागितली नाही.

मतदानाच्या आधी आबासाहेब हात जोडत वस्तीत आले. बुद्धविहारासमोर टँकर लागला होता. शहादेव पाणी भरत होता. आबासाहेबांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शहादेवनं खांदा मागं घेतला.

"काय पावनं, नवीन दिसता. कुणाकडं आलाव?"

पारूबाईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. "न्हाई वळखलं? मेलो तरी इसरायचा न्हाई म्हनला व्हता की, साहेब."

आबासाहेब तोंडभर हसले. "इसरीन कसा? धोंडीरामाचा धाकटा भाऊ न्हाई का ह्यो!"

आणि हात जोडून ते पुढच्या घराकडे वळले.