माझ्या जाळीवरची लाख

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे, आणि खरं सांगायचं तर फार वैतागलेली झारी आहे. पाणी घालण्यासाठीच माझा जन्म झाला, हे मला मान्य आहे. पण ज्या कुंडीला पाणी नको आहे, तिच्यातही रोज ओतायला लावलं, तर झारीनं करायचं काय? मला ओरडता येत नव्हतं, पळूनही जाता येत नव्हतं. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

गोंदियाच्या बाजारात श्यामलाल नावाचा पत्रेकाम करणारा कारागीर होता. त्यानं घासलेटचा रिकामा डबा कापून मला घडवलं. मला लांब नळी लावली आणि नळीच्या टोकाला बारीक भोकांची गोल जाळी बसवली. माझ्यातून पाणी असं हलकं पडायचं, की कोवळ्या रोपाखालची माती उखडत नसे. श्यामलालनं चार लोकांना बोलावून ते दाखवलं होतं. मग त्यानं मला ईश्वरदासाच्या हाती दिलं, आणि तिथून माझ्या नाकी नऊ आले.

ईश्वरदास सडक अर्जुनीकडचा. त्याच्या आज्यानं गावचा तलाव बांधला होता. उसाला पाणी सोडावं, धानाला पाणी सोडावं आणि बांधावर बसून समाधानानं पाहावं, हेच त्या घराण्याला ठाऊक. पुढे गोंदियात रेल्वेच्या साहेबांचे बंगले झाले आणि बंगल्यांना फुलझाडं हवी झाली. तेव्हा ईश्वरदास बायको सुभद्राबाई आणि मुलगा परसराम यांना घेऊन इथे आला. विहिरीशेजारी त्यानं रोपांची बाडी लावली. मोगरा, शेवंती, रंगीत पानांचे क्रोटन असं पुष्कळ काही होतं. पण लोक यायचे ते लाल गुलाबासाठी.

तो गुलाब कलकत्त्याहून रेल्वेनं ओल्या शेवाळात गुंडाळून आला होता. मोठ्या कुंडीत त्याचं एकच मूळ झाड होतं. सुभद्राबाई त्याच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, काढून जंगली गुलाबाच्या खुंटांवर भरायची आणि केळीच्या सोपटानं बांधायची. तिच्या हातची कलमं बंगल्याबंगल्यांत फुलत होती. ते झाड गेलं असतं तर डोळे संपले असते, कलमं संपली असती आणि बाडी उठवून गावी परत जावं लागलं असतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि एका हिवाळ्यात नेमकी त्याच झाडाची पानं पिवळी पडू लागली. ईश्वरदासानं काय केलं असेल? मला गच्च भरलं आणि ओतलं. पानं आणखी पिवळी पडली. त्यानं आणखी ओतलं! कुंडीतली माती चिखल झाली होती, तिला वास येऊ लागला होता, आणि हा गृहस्थ मला घेऊन पुन्हा विहिरीकडे निघालेला. संतापानं माझा पत्रा तापायचा.

सुभद्राबाई म्हणाली, "अजी, काऊन पानी देऊन राहिले? मुळ्या सडून राहिल्या त्याच्या!"

"तू चूप राह्य, परसरामची माय," ईश्वरदास म्हणाला. "माह्या आज्यानं तलाव बांधला. पान्यानं कधी कोनाचं वाईट झालं का?"

"झाड म्हंजे ऊस नोहे जी."

"पानी ते पानीच!"

अति तेथे माती म्हणतात, इथे तर मातीचाही चिखल झाला होता. पण त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुभद्राबाई रोज सांगायची, तो रोज तलावाची गोष्ट ऐकवायचा, आणि झाडाची पानं गळत राहायची.

शेवटी तिनं बोलणं सोडलं. तो बंगल्यावर कुंड्या पोचवायला गेला असताना तिनं चुलीवर लाख तापवली. सालेकशाच्या जंगलातली लाख गोंदियाच्या बाजारात नेहमीच मिळायची. मला मांडीवर घेऊन तिनं माझ्या सुबक भोकांवर ती मऊ लाख लावली आणि ओल्या अंगठ्यानं दाबली. मधली दोन-चार भोकं तेवढी उघडी ठेवली. मला केवढा राग आला! श्यामलालच्या सगळ्या कारागिरीवर तिनं पाणी फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरदासानं मला वाकवलं, तर माझ्यातून नुसते थेंब. तो ताटकळला, कंटाळला आणि मला आपटून निघून गेला. "त्या श्यामलालनं फसवलं! डबाच सडका!" चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! घड्यानं ओतायला गेला, तर सुभद्राबाई आडवी आली. "मुळ्या उघड्या पाडता का? झारीनंच द्या," ती म्हणाली. जाळी उलटी करून पाहायला कितीसा वेळ लागला असता? पण या माणसानं कधी पाहिलं नाही.

कुंडी हळूहळू सुकली. मग एका फांदीवर तांबूस कोंब फुटला. माझा राग त्या सकाळी विरघळला, हे मात्र मान्य करायला हवं. त्या झाडाचे डोळे पुढे वर्षानुवर्षं पुरले. ईश्वरदास सगळ्यांना सांगायचा, "पाहा, माह्याच पान्यानं वाचलं!" आणि सुभद्राबाई पदराआड हसायची.

पुढे सुभद्राबाई तापानं गेली. त्यानंतर एकदा ईश्वरदास माझी भोकं साफ करायला तापलेला दाभण घेऊन बसला. त्यानं पहिल्यांदाच माझी जाळी उजेडात धरली. लाख दिसली. लाखेवर सुभद्राबाईच्या अंगठ्याच्या रेषा दिसल्या. दाभण हातातच थंड झाला. "मले सांगतलं काऊन नाही वो?" तो म्हणाला. रोज सांगत होती ती बिचारी! मला त्याची चीडही आली आणि त्याच्यासाठी रडूही आलं. त्यानं लाख काढली नाही. मला खुंटीवर टांगलं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी परसरामनं बाजारातून चकचकीत नवी झारी आणली आणि त्याच गुलाबावर धो धो ओतू लागला. त्याची बायको कुंदाबाई म्हणाली, "अजी, पुरे करा ना!" तर परसराम काय म्हणाला असेल? "पान्यानं कधी कोनाचं वाईट झालं का?"

मी खुंटीवर कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

म्हातारा ईश्वरदास ओट्यावरून उठला. नवी झारी मुलाच्या हातातून घेतली, चुलीवर लाख तापवली आणि मधली दोन-चार सोडून एकेक भोक ओल्या अंगठ्यानं बंद करत बसला. परसराम ओरडला, "बा, हे काय करून राहिलास? नवी झारी होय ते!"

"तुह्या मायनं शिकवलं," ईश्वरदास म्हणाला. "मले उशिरा समजलं."

मित्रांनो, तुमचं प्रेम मला कळतं. पण कुंडीत आधी बोट घालून पाहा. माती ओली लागली, तर कृपा करून मला खुंटीवरच राहू द्या.