वरच्या फळीवरची गुलिझार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. कुणी चढू लागलं की मी करकरते. इथले लोक म्हणतात, म्हातारी कुरकुरते. म्हणोत बापडे! मी बोलत असते, एवढंच.

बल्गेरियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, तंबाखूच्या शेतांच्या मधोमध आमचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात माझा जन्म गेला. गावच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. तो अंगाने चांगला भरलेला होता, आणि एकेक पायरी ठोकून झाली की तिच्यावर उभा राहून उडी मारून बघायचा. त्यानंतर मला कुणाच्या वजनाचं भय म्हणून वाटलं नाही.

ते दिवस मोठे कौतुकाचे होते. खालच्या फळ्यांवर जन्म आणि लग्नं, मधल्या फळ्यांवर जमिनी, आणि सगळ्यात वर, छताला टेकलेल्या फळीवर, जे कुणी मागायला येऊ नये असं वाटायचं ते. तिथवर फक्त मीच पोचायची. नवा कारकून आला की जुने त्याला सांगायचे, "साहेबांना एक वेळ दुखव, पण शिडीला जप."

मग एका हिवाळ्यात सरकारचा हुकूम निघाला. गावातल्या तुर्की लोकांनी आपली नावं टाकायची आणि कार्यालयाने दिलेली बल्गेरियन नावं घ्यायची. बाहेर बर्फात रांग लागली. थोड्यांनी मात्र हिंमत करून तक्रारी लिहून दिल्या. त्यांच्या फाइली माझ्याच अंगावरून वर गेल्या. आणि कारकुनाचा उद्योग बघा, त्याने त्या लावल्या नव्या नावांनी! 'माझं नाव बदलू नका' म्हणणाऱ्याची फाइल बदललेल्या नावाखाली! कायद्याला धरून वागण्याच्या नादात त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

पुढे राज्य पालटलं. लोकांनी आपापली नावं परत घेतली. पण मधल्या काळात जी माणसं वारली होती, ती कागदावर परक्या नावानेच राहिली.

माझेही दिवस पालटले. ॲल्युमिनियमची हलकी, चकचकीत शिडी आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्या पायऱ्यांवर जिरेनियमच्या कुंड्या बसल्या. फुलं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? पण पाणी घातलं की ते माझ्या सांध्यांत झिरपायचं, आणि माझ्याकडे वर बघायला कुणी यायचं नाही.

अशातच एका वसंतातल्या सकाळी नेरिमान आली. कडेवर वर्षाची लेक, आणि मागून काठी टेकत तिचे आजोबा, सालीफ. नगरपालिकेने नुकतंच जाहीर केलं होतं की त्या नावबदलाच्या प्रकरणांची कागदपत्रं आता घरच्यांना मागता येतील. दफ्तर सांभाळणाऱ्या स्ताम्काबाईंनी अर्ज पुढे ओढला.

"फाइल कुणाची?"

"माझ्या आजीची," नेरिमान म्हणाली.

"नाव?"

"गुलिझार," आजोबा म्हणाले.

"ते झालं हो. फाइल कुठल्या नावाने लावलीय ते सांगा."

"गुलिझार."

"अहो आजोबा, ते दुसरं नाव..."

"दुसरं नाव नाही तिला."

नेरिमान कानाशी लागली. "आबा, तुम्हाला ठाऊक आहे ना? एकदाच सांगा. हळूच सांगा."

"ठाऊक आहे. पण सांगणार नाही. तिने मरेपर्यंत ते तोंडातून काढलं नाही. आता मी काढलं तर वर गेल्यावर ती मला दारात तरी उभं करील का?"

स्ताम्काबाईंनी चष्मा काढला. "मी काय करू, पोरी? वर एवढ्या फाइली आहेत. परक्याची उघडून बघायला मला मनाई आहे."

"बाई, आजीच्या कबरीवरचा दगड अजून कोरा आहे," नेरिमान म्हणाली. "आबा म्हणतात, दगडावर काय, कुणीही कोरेल. पण ज्या कार्यालयाने नाव काढून घेतलं त्यानेच ते आधी परत द्यायचं. हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले होते. आता उभे आहेत तोवर त्यांना तो दगड बघू दे."

लेकीने आजोबांची काठी ओढायला सुरुवात केली. स्ताम्काबाई खिडकीशी गेल्या. खाली चौकातल्या कॅफेत स्तोइल सोंगट्या मांडून बसला होता. नावबदलाच्या त्या दिवसांत तो तंबाखूच्या शेतावर मुकादम होता आणि रोज सकाळी बायकांची हजेरी नव्या नावांनी घ्यायचा.

"स्तोइलकाका! जरा वर या!"

तो धापा टाकत आला. "सालीफ, तू इथे होय? मी तिथे डाव मांडून म्हातारा झालो!" मग काय हवंय ते ऐकलं आणि खो खो हसत सुटला. "ते नाव? अरे, ते नाव ओरडून ओरडून माझा घसा बसायचा! आणि ही बाई आपली खाली मान घालून तंबाखूची पानं दोऱ्यात ओवतेय. मी तीनदा ओरडायचो. शेवटी म्हणायचो, 'जी ऐकत नाही ती आली का?' मग म्हणायची, 'आली!' सगळं शेत हसायचं."

"ती पण हसायची?" आजोबांनी विचारलं.

"ती? सगळ्यांत मोठ्याने. माझ्या तोंडावर!"

"हे मला कधी बोलली नाही," आजोबा म्हणाले, आणि गालातल्या गालात हसले. त्यांना इतक्या वर्षांनी बायकोची एक नवी गोष्ट मिळाली होती.

"मग, सांगू का यांना?"

"थांब." आजोबांनी काठी नातीकडे दिली आणि दोन्ही कान गच्च झाकले. त्यांचं बघून कडेवरच्या पोरीनेही आपले कान झाकले. स्तोइल स्ताम्काबाईंच्या कानात पुटपुटला. मित्रांनो, मी तिथेच शेजारी उभी होते. मला ऐकू आलं. पण मीही ते सांगणार नाही.

ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून स्ताम्काबाईंनी टाचा उंचावल्या. हात पोचेना. "अगं बाई, ती म्हातारी कुठे आहे?"

कुंड्या उतरल्या. माझ्या अंगावरून फडकं फिरलं. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! दोन्ही बाजूंनी दोघा म्हाताऱ्यांनी मला धरलं.

"नीट धर, मुकादमी सोड."

"तू धर. मघाशी तर कान धरून उभा होतास!"

स्ताम्काबाई चढल्या, मी करकरले, धूळ उडाली, चौघं शिंकली आणि ते बघून पोर खिदळली. फाइल खाली आली. आत एकच कागद होता. कडेला काळपट बोटांचे ठसे. तंबाखूचा चीक होता तो, कितीही धुवा, निघत नाही. नेरिमानने वाचलं, "माझं नाव गुलिझार. ते माझ्या आजीने ठेवलं. मला दुसरं नको. उत्तराची वाट बघते."

आजोबांनी त्या ठशावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"उत्तर गेलेलं दिसत नाही," स्ताम्काबाई म्हणाल्या. "आता देऊ." त्यांनी त्या कागदाची शिक्का मारलेली नक्कल करून दिली, आणि नाव दुरुस्त करायचा कागद स्वतःच्या हाताने सहीसाठी वर नेला.

चेरीची झाडं फळाला आली तेव्हा आजोबा पुन्हा आले, नेरिमान, तिची पोर आणि लोकुम मिठाईचा डबा घेऊन. आमच्याकडे आनंद ज्याचा, त्यानेच सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं. कर घेणाऱ्या खिडकीतल्या गृहस्थांना साखर वर्ज्य होती. आजोबांनी त्यांनाही सोडलं नाही. "घ्या, घ्या! बायकोचं नाव दगडावर आलंय. काल पोरीने त्या अक्षरांत बोटं घालून बघितली."

पोरीने मग मिठाईवरच्या पिठीसाखरेने माखलेले हात माझ्या खालच्या पायरीला पुसले आणि चढायला पाय टाकला. तिचं नाव सांगायचं राहिलंच, मित्रांनो. गुलिझार.

तेव्हापासून माझ्यावर कुंड्या नाहीत. रोज कुणी ना कुणी येतं, आपल्या माणसाचा कागद मागतं. तुमच्याही गावात अशी उंच फळी असेल. मागायला लाजू नका, आणि जुन्या शिड्या मोडीत घालू नका. सांध्यांना थोडं तेल द्या. चढणारा एकच असतो, पण खाली धरायला दोघं लागतात. ती दोघं भांडत असली तरी चालतं.