फादरांचा लॅटिन संदेश

आमची रेजिना सातिवलीच्या एका कारखान्याच्या गाळ्यात प्लग खोक्यात भरायला जायची आणि त्या कामाला मनापासून शिव्या द्यायची. म्हणून तिने शनिवार-रविवारचा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचा, क्लास लावला. मग काय, घरी जेवायला बसलो की माझ्या ताटाकडे बघून म्हणायची, "दादा, भात मार्जिनच्या बाहेर गेलाय." तिच्या त्या शिक्षणाने मी पार कावलो होतो.

पण फादरांनी तिला चर्चच्या सणाची पुस्तिका करायला दिली. "चांगली झाली तर आपलं मासिकही तूच करायचं, पगारावर," असं म्हणाले. रेजिना इतकी हरखली की त्या आठवड्यात प्लग कुठल्या खोक्यात गेले देव जाणे.

सगळा मजकूर आला, फक्त फादरांचा स्वतःचा संदेश येईना. "लिहितोच आहे," म्हणायचे आणि बॅडमिंटन खेळायला जायचे. तोवर पान रिकामं दिसू नये म्हणून रेजिनाने त्यांच्या फोटोखाली क्लासमधली युक्ती केली. कॉम्प्युटरमध्ये लॅटिनसारखा दिसणारा एक निरर्थक मजकूर असायचा, तो भरला. "त्यात अर्थ शोधू नका, जागा बघा," असं दिवाकर सर शिकवायचे. संदेश काही आला नाही, प्रेसवाला मात्र आला. त्या घाईत फ्लॉपी तशीच गेली.

सणाच्या दिवशी पुस्तिका वाटल्या. रेजिनाने फादरांच्या फोटोचं शेवटचं पान उघडलं आणि माझा दंड असा आवळला की वळ उठले.

"दादा, गेलं मासिक! आता जन्मभर प्लग!"

मला हसू फुटत होतं, पण तिचा चेहरा बघून ते गिळलं.

मिस्सेची प्रार्थना नुकतीच संपली होती. पुढच्या बाकावरच्या क्लेमेंटीन मावशी उभ्या राहिल्या. त्यांचं अख्खं बालपण लॅटिन मिस्सेत गेलेलं. त्यांनी चष्मा चढवला आणि "लोरेम इप्सुम दोलोर..." असं खणखणीत सुरात म्हणायला लागल्या. मागोमाग बाकीच्या म्हाताऱ्या. एकीने तर डोळ्यांना रुमाल लावला. शेवटी सगळं चर्च "आमेन" म्हणालं. मीही म्हणालो, काय करणार?

"फादर, किती वर्सांनी लॅटिन कानावर पडलं!" मावशी म्हणाल्या. "आता अर्थ सांगा."

फादरांनी पुस्तिका उघडली. आधी स्वतःचा फोटो पाहिला, मग खालचा मजकूर, मग बाकामागे लपू पाहणारी रेजिना.

"अर्थ असा," ते घसा खाकरून म्हणाले, "की जो माणूस मजकूर वेळेवर देत नाही, त्याला देवाने आणि रेजिनाने क्षमा करावी."

"एवढंच? पान तर भरलंय!"

"लॅटिनला जागा जास्त लागते, मावशी. आणि पुढच्या महिन्यापासून आपलं मासिक रेजिना करणार."

रेजिना बाकामागून ताडकन उठली. "मग फादर, तुमचा मजकूर पाच तारखेच्या आत हवा!"

"आमेन," फादर म्हणाले.