मधला पांढरा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना किनारा आहे. वाळूचा नव्हे, संगणकातला.

जमीन.
ती विमानाने मोजली. वरून प्रकाशाचे किरण सोडले, आणि माझ्या टेकड्या, गल्ल्या, अंगणे उभी राहिली.

समुद्र.
तो होडीने मोजला, आवाजाने. तळाला लागून परतलेल्या आवाजातून माझे खडक घडले.

दोघांचे शून्य वेगळे. जमीन समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली, तळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. तसेच जोडले असते, तर काठावर छातीएवढी खोटी पायरी पडली असती. विमानाचे आकडे धाकट्या भावाकडे, होडीचे त्याच्या ताईकडे. एका टेबलाशी बसून, भांडत, हसत त्यांनी मला एका शून्यावर आणले.

मध्ये.



काही नाही. पांढरा पट्टा.

"तुझी होडी चिखलाला घाबरते, ताई."

"आणि तुझं विमान गढूळ पाण्याला. सरक, मीच चालत जाते. ओहोटी आहे तोवर."

तिने खोली मोजायची काठी टेकली की तिथला आकडा लगेच माझ्यात यायचा. घोट्याएवढे. घोट्याएवढे. गुडघ्याएवढे. एकदम पुरुषभर.

पुढचा आकडा आला नाही. तीही आली नाही.

"तुला नाही जमायचं, हा पट्टा दुसऱ्या कुणाला देतो," कार्यालयातले साहेब भावाला म्हणाले.

"नको. मीच करतो."

रोज मला उघडले की तो खड्डा त्याच्यासमोर यायचा. एके दिवशी त्याने तो शेवटचा आकडा पुसला आणि दोन्हीकडून सलग उतार ओढून घेतला.

माझे फार कौतुक झाले. शिवण कुठे आहे कळतही नाही, असे लोक म्हणाले. माझ्यानंतर नवे किनारे आले. त्यांनीही तो उतार माझ्याकडूनच घेतला.

मग एकदा त्या भावंडांची आई कार्यालयात आली. "ताई कुठे गेली, ते दाखव मला."

त्याने पडद्यावर बोट ठेवले. तिने चष्मा लावून आकडे वाचले.

"इथे तर गुडघ्याएवढंच पाणी आहे रे. मग माझी पोर बुडाली कशी?"

त्याचे बोट तिथेच राहिले.

मित्रांनो, माझ्यावर भरवसा ठेवून लोक आजही त्या पट्ट्यात शिंपले वेचायला उतरतात. ठाऊक नसेल तिथे पांढरे राहू द्या. ठाऊक असेल तिथे, बघवत नसले तरी, खोल लिहा.