चाळीस मेंढ्यांचा वॉर्ड

“एकोणचाळीस,” मावशी म्हणाल्या.

“चाळीस आहेत,” मी म्हटलं.

“परत मोज.”

मोजल्या ना परत! तुम्ही कधी मेंढ्या मोजल्यायत का? झोप यावी म्हणून नाही, खऱ्या. त्या हलतात, यार. एक मोजली की ती दुसरीच्या मागे जाते आणि आपण तिलाच परत मोजतो. तरी मी बोट दाखवून दाखवून मोजल्या. पलीकडे वर उंचवट्यावर एक पांढरी एकटीच बसली होती, तिच्यासकट चाळीस.

मावशी म्हणजे माझ्या लँडलेडी, प्रमोदिनी देवस्थळी. लंडनमध्ये पिनरला त्यांच्या घरात वरची खोली माझी. वय एकोणसत्तर, एक गुडघा नवा. छत्तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डवर नर्स, बहुतेक रात्रपाळी. काकांची दिवसपाळी. दोघं म्हणे रोज दारातच भेटायचे, एक जण किल्ली काढत असायचा, दुसरा घालत असायचा. मग काका गेले, मावशी रिटायर झाल्या. लोक रिटायर झाल्यावर योगा वगैरे करतात ना, यांनी मेंढ्या घेतल्या.

म्हणजे विकत नाही. डनस्टेबलच्या पुढे एक खडूची टेकडी आहे. खरंच खडूची! वर चार बोटं माती, खाली सगळा खडू. पायवाटासुद्धा पांढऱ्या. तिथे गवत वाढू दिलं तर खालची बारकी फुलं मरतात, आणि फुलं मेली की निळी फुलपाखरं उपाशी. म्हणून टेकडी सांभाळणाऱ्या ट्रस्टने मेंढ्या सोडल्यायत. त्या चरतात, आणि रोज एक व्हॉलंटिअर जाऊन बघतो, सगळ्या आहेत ना, कोणी लंगडत नाही ना, कोणी उलटी पडली नाही ना. मंगळवार मावशींचा. एकटीचा.

आणि त्या टेकडीचा त्यांनी वॉर्ड केलाय! प्रत्येक मेंढीला बेड नंबर. ट्रस्टला जाणारा रिपोर्ट मी वाचलाय. ‘बेड सात, भूक चांगली. बेड बावीस, काहीही झालेलं नाही, उगाच लक्ष वेधून घेते. बेड एकतीस, पोट साफ.’ तिथला रेंजर ग्रॅहम, सहा फुटी माणूस, त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो आणि त्या आल्या की शर्ट खोचतो.

आता मी तिथे काय करत होते? तर, हसू नका हं, मी हेर होते.

क्षितिजने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कॉव्हेंट्रीहून मला फोन केला. तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी तुम्ही ऐकलंयत. “शाल्मली, तू एकदा आईबरोबर जा. मला खरा सांग. तिचा मेमरी ठीक आहे का? ती मोजताना चुकते का?” कारण मार्चमध्ये मावशींनी गाडी स्टेशनच्या कार पार्कमध्ये लावली, बसने घरी आल्या, आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांना बोलावलं. पोलिसांना चहा दिला, चिवडा दिला, तो अर्धा संपल्यावर त्यांना आठवलं. क्षितिजने लगेच कॉव्हेंट्रीला गॅरेजची खोली करून घेतली. “आईचा रूम रेडी आहे. ती एकटी मॅनेज करत नसला तर पिनरचा घर विकायचा.”

म्हणजे बघा ना. मावशींचं घर, मावशींचा मंगळवार, सगळं माझ्या एका फोनवर. आणि त्या एकोणचाळीस म्हणतायत आणि समोर चाळीस!

मी हळूच म्हटलं, “जाऊ दे ना मावशी, ऊन फार आहे. चाळीस लिहून टाकू.”

“पेशंट दिसला नाही तरी ‘आहे’ लिहायचं? पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुला.”

“पण ती काय, ती! वर बसलीय बघा.”

मावशींनी चष्मा नाकावर चढवला. “ती बराच वेळ हलली नाहीये.”

“झोपली असेल.”

“चल, उठवू.”

चढायला लागलो. मध्ये मध्ये मुंग्यांची वारुळं, गवताने झाकलेली, उशा ठेवल्यासारखी, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. वर कुठेतरी चंडोल कोकलत होता, दिसत नव्हता. मावशी दहा पावलं टाकून थांबायच्या आणि म्हणायच्या, “फूल बघतेय.” दर वेळी तिथे फूल असायचंच असं नाही. मी मनात नोंद केली, दम लागतो. आणि मग मलाच माझी लाज वाटली.

तो उंचवटा म्हणजे थडगं आहे. चार हजार वर्षांपूर्वीचं! कोणी बडा माणूस पुरलाय, त्याच्यावर खडूमातीचा ढीग आणि भोवती गोल खंदक. “यांचं नाव कोणालाच माहीत नाही,” मावशी म्हणाल्या. “चार हजार वर्षं एकाच कुशीवर. बेडसोअरची कल्पना कर.”

आणि माझी चाळिसावी मेंढी? ती मेंढीच नव्हती! बॅजरने, म्हणजे इथला एक बिळं उकरणारा प्राणी, थडग्यात बीळ खणून आतला खडू बाहेर फेकला होता. पांढराशुभ्र ढीग. मी खडू मोजला होता. बँकेत डेटा ॲनालिस्ट आहे मी, यार!

मावशींनी एकदा खडूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

मग त्यांनी वर पाहिलं. थडग्याच्या पलीकडे दोन घारी गोल गोल फिरत होत्या. आणि मावशी पळाल्या! नव्या गुडघ्याने! थडग्याला वळसा घालून थेट खंदकात. मी मागे. तिथे बेड अकरा. पाठीवर, चारही पाय वर, उलटं ठेवलेलं टेबल जणू, आणि पोट फुगून ढोल. लोकर अजून कापायची होती. त्या वजनाने मेंढी लोळता लोळता उलटी झाली की तिला स्वतःहून उठताच येत नाही. पोटात गॅस धरतो आणि काही तासांत खेळ खलास.

“मेली?”

“डोळा हलतोय. तू डोक्याकडे ये.”

“मी?”

“मग दुसरं कोण? हे आतले उठून येणारेत?”

मी आयुष्यात मेंढीला हात लावलेला नाही. ताटातली सोडून. मावशींनी बाह्या वर केल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. “गुड मॉर्निंग, डार्लिंग. मी प्रमोदिनी. ही शाल्मली, नवीन आहे, घाबरू नका. आम्ही तुम्हाला जरा कुशीवर करतोय हं. वन, टू, थ्री, आणि रोल!”

मेंढीला अहोजाहो!

झाली रोल. झाली आणि तिच्या पुढून-मागून जे काही बाहेर पडलं ना, आवाज काय, वास काय, आणि माझ्या जीन्सवर... जाऊ दे, तुम्ही खाताय. मी हात काढायला गेले तर मावशी ओरडल्या, “सोडू नकोस! उठल्या उठल्या चक्कर येते. परत पडतील.” मग दहा मिनिटं आम्ही तिला दोन बाजूंनी धरून उभ्या. मावशी तिच्या कानाशी बोलतायत, “घाई नाही. कोणी वाट बघत नाहीये. टेकले का पाय? शाब्बास.” छत्तीस वर्षं हेच म्हटलं असणार त्यांनी, कुठल्या कुठल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना बाथरूमपर्यंत नेताना.

बेड अकरा चार पावलं चालली, आमच्याकडे पाठ केली आणि चरायलाच लागली. थँक यू नाही, काही नाही.

“चाळीस!” मी ओरडले. मला इतका आनंद झाला होता! क्षितिजला काय सांगायचं ते पक्कं झालं, आई बरोबर, मी चूक. मागे वळून बघते तर मावशी खंदकात बसलेल्या.

बसलेल्या नाही. पडलेल्या. मेंढीला सोडताना गुडघ्याने दगा दिला होता. एकदा उठायला गेल्या, जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ये.”

मी काखेत हात घातला. “ओढू नकोस. मी सांगेन तेव्हा.” वन-टू-थ्री त्यांनीच म्हटलं. उभ्या राहिल्या. मी सोडलं नाही, आणि त्यांनीही सोड म्हटलं नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “मी क्षितिजला यातलं काही सांगणार नाही. शप्पथ.”

“त्याने पाठवलंय ते माहितीय मला. तीन वर्षांत कधी टेकडीचं नाव काढलं नाहीस, आणि आज ऑफिस बुडवून नवे बूट घालून आलीस.” त्यांनी पिशवीतून क्लिपबोर्ड काढला. “वॉर्डवर कोणी पडलं की लिहायचं. लपवायचं नाही. लपवलं की तो परत पडतो.”

“पण तुम्ही पेशंट नाही आहात!”

“पडताना कोणी विचारतं का, पेशंट का नर्स?”

“अहो, हे वाचून ग्रॅहम तुम्हाला एकटीला येऊ देणार नाही. आणि क्षितिज तर...”

“हो,” म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

आधी बेड अकराचं. वेळ, जागा, काय केलं. मग खाली रेघ मारून दुसरं. कोण पडलं, पी. देवस्थळी. कशामुळे, गुडघा. स्वतःहून उठता आलं का, नाही. किती माणसांची मदत लागली, एक. मग जरा थांबून त्या ‘एक’च्या पुढे लिहिलं, ‘प्रशिक्षण नसलेलं’. मी म्हटलं, अहो! रिपोर्ट देणाऱ्याचं नाव, पी. देवस्थळी. आणि शेवटी, पुढे काय करावं? तिथे लिहिलं, ‘या व्यक्तीला एकटं पाठवू नये.’

बाकी सगळं खटाखट लिहिलं होतं. हे एक वाक्य मात्र पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर काढून.

साक्षीदार म्हणून मी सही केली. माझे हात तसलेच होते, कागदावर डाग पडला. मावशींनी डागासकट फोटो काढला, ग्रॅहमला पाठवला. मग क्षितिजला. मग माझा दंड धरून, आडव्या आडव्या पावलांनी खाली उतरायला लागल्या. फूल बघतेय वगैरे काही म्हटलं नाही. दम लागला की सरळ थांबायच्या.

गेटपाशी पोचलो आणि त्यांच्या खिशात फोन वाजायला लागला. स्क्रीनवर क्षितिज. थांबला, परत वाजला. मावशी गेटला टेकून टेकडीकडे बघत होत्या, बोट न हलवता, ओठ न हलवता.

“मावशी, फोन.”

“थांब गं,” म्हणाल्या. “सव्वीसवर आलेय.”