डावं जाळं

मंगळवारी आइस हॉकीच्या सरावात संघातल्याच ब्रेनाचं कोपर गोलकीपर सिग्नेच्या कानशिलावर बसलं, आणि तेव्हापासून तिला लांबची प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसत होती. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फिजिओ कोलेटने तपासताना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते हिने धडाधड म्हणून दाखवले. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, "एकदम ठणठणीत." कॉलेजचं शेवटचं वर्ष, घरच्या बर्फाच्या रिंकवरचा शेवटचा सामना, आणि वडील हिमवादळातून चार तास गाडी हाकत येणार होते. खोटं बोलायला एवढी कारणं पुरेशी होती, निदान मंगळवारी तरी.

आज शनिवारची दुपार, सामना संपत आलेला. सिग्नेच्या संघाकडे दोन-एकची आघाडी, मिनिटभर बाकी. समोरच्या संघाने स्वतःची गोलकीपर बाहेर काढून तिच्या जागी सहावी आक्रमक खेळाडू आत घातली होती. त्यांचं जाळं मोकळं, पण सिग्नेच्या अंगावर सहा जणी. सहा कसल्या, बारा! काळी रबरी चकती यायची तीही जोडीने. अगदी जवळ आली की दोन्हींची एक व्हायची, पण तोवर उशीर झालेला असायचा. चार वेळा तिने नुसत्या अंदाजाने ढोपर टाकलं आणि चारही वेळा वाचली.

"सिग्ने, मागे बघ! मागे!" ब्रेना ओरडली.

चकती पाठीमागच्या फळीवर आपटून तिच्या स्टिकशी आली. ब्रेनाला द्यावी, तर ब्रेनाही दोन. ही बला इथून जाऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. पलीकडच्या टोकाला दोन मोकळी जाळी दिसत होती. तिने डाव्यावर नेम धरला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून चकती भिरकावली.

प्रेक्षकांचा एकच गलका झाला. सगळ्या जणी धावत येऊन तिच्या गळ्यात पडल्या.

"अगं भवाने, गोलकीपर असून गोल?" ब्रेना तिचं हेल्मेट बडवत होती. "काय नेम गं तुझा! आम्ही काय आता घरी बसायचं?"

सिग्नेच्या डाव्या डोळ्यात घाम गेला म्हणून तिने तो मिटला. डावं जाळं नाहीसं झालं. तिने डोळा उघडला, पुन्हा मिटला. तिथे नुसता बर्फ होता.

इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती सरळ बाकापाशी गेली आणि तिने हेल्मेट काढलं.

"कोलेट, मला दोन-दोन दिसतंय. मंगळवारपासून."

"काहीतरीच काय!" कोच हसतच म्हणाला. "आत्ताच तर अख्ख्या रिंकपलीकडून नेम धरून गोल मारलास."

"त्या जाळ्यावर नव्हता धरला, कोच," सिग्ने म्हणाली आणि हमसून रडायला लागली. "दुसऱ्यावर धरला होता."