केबल वेगळी

"बाबा, परत हात लावलात ना तिला?" जावयाने दारातूनच विचारलं.

फेजकाका नातीच्या, ठमीच्या खोलीत स्टुलावर उभे होते. एसीचा प्लग काढून त्या जागी गाडीचा प्लग लावला होता, आणि त्यावर त्यांचा तळहात होता. तिथून निघालेली काळी केबल भिंतीच्या कडेने ठमीच्या उशाजवळून खाली यायची, खिडकीच्या फटीतून बाहेर जायची आणि अंगणात उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीच्या पोटात शिरायची.

"गरम आहे, जावईबापू."

"चार्जिंग चालू असल्यावर गरम होणारच. मोबाइल नाही होत?"

"मोबाइल हातात धरता येतो. ह्यावर दहा आकडे मोजेपर्यंत हात टिकत नाही."

"मग नका ना ठेवू हात," जावई हसून म्हणाला आणि खाली निघून गेला.

एकतीस वर्षं फेजकाकांनी वीजखात्यात वायरमन म्हणून काढली होती. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "फेज येतोय का?" त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. खांबांइतकीच त्यांनी जळकी घरंही पाहिली होती. बंबवाल्यांनी पाणी मारायच्या आधी कुणीतरी आत जाऊन वीज तोडावी लागते. तो कुणीतरी बहुतेक वेळा तेच असत. ओल्या राखेत उभे असलेले लोक दरवेळी एकच वाक्य बोलायचे. "कालपर्यंत व्यवस्थित चालू होतं हो."

गाडी घरी आली त्या दिवशी सगळे खुशीत होते. फेजकाकांनी चारी बाजूंनी फिरून कौतुक केलं, डिकी उघडून पाहिली आणि विचारलं, "चार्जिंगची केबल?"

"केबल वेगळी घ्यावी लागते," जावई म्हणाला. "शोरूमची मुलगी म्हणाली, बऱ्याच लोकांकडे आधीची असते. उगाच दोन-दोन कशाला, म्हणून कंपनीने द्यायचं बंद केलं."

"पहिलीच गाडी घेणाऱ्याकडे आधीची कुठून येणार? हे म्हणजे घोडा विकला आणि लगाम बाजारात शोधा म्हणाले."

"तुमच्या काळात रेडिओबरोबर सेल यायचे का, बाबा?"

"सेल वाईट निघाला तर रेडिओ गप्प बसतो. घर नाही पेटत."

सगळे हसले. मुलगीही हसली. दोन दिवसांनी जावयाने बाजारातून केबल आणली. दिसायला कंपनीच्या केबलसारखीच, किंमत निम्म्याहूनही कमी. एवढी वीज पेलणारं सॉकेट घरात एकच मोकळं करता येण्यासारखं होतं, ठमीच्या खोलीतलं. एसी काय, उन्हाळ्यापुरता.

एका दुपारी फेजकाकांनी प्लग उघडून पाहिला. आत तांब्याचा नुसता मुलामा होता, खाली अ‍ॅल्युमिनियम, तेही सुतळीच्या धाग्याएवढं. त्यांनी मुलीला बोलावून दाखवलं.

"गिझर पंधरा मिनिटं चालतो, बाळ. ही रोज आठ-आठ तास ओढते. जिना चढणं वेगळं आणि आठ तास जिना चढतच राहणं वेगळं."

"मी सांगते त्यांना," मुलगी म्हणाली. सांगितलं की नाही कोण जाणे. केबल तशीच राहिली.

दोनदा त्यांनी ती गुपचूप काढून ठेवली. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा जावयाला सकाळी साहेबांना घेऊन तपासणीला जायचं होतं. गाडी अर्ध्या वाटेत बसली आणि साहेब भर उन्हात दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून गेले. त्या संध्याकाळी मुलगी दोन गल्ल्या ओलांडून बापाच्या घरी आली. खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"बाबा, ते माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत आल्यापासून. तुमचं घर आहे तिथे तुम्ही काय ते करा. माझ्या घरात नका करू."

"बरं," फेजकाका म्हणाले.

आठवडाभर ते तिकडे फिरकले नाहीत. मग शनिवारी दुपारी मुलगी-जावयाला ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभाला जायचं होतं आणि ठमीपाशी बसायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनाच बोलावलं. ती दोघं मित्राच्या गाडीतून गेली. पांढरी गाडी अंगणात चार्जिंगला लावलेली होती.

ठमी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. "आजोबा," ती वर न बघता म्हणाली, "माझ्या खोलीत मासे राहतात."

"कुठले मासे?"

"दिसत नाहीत. वास येतो. गाडीला वीज पाजायला लागलं की येतात. आई म्हणते शेजारी तळतात, पण शेजारच्या काकू तर कधीपासून गावाला गेल्यात."

फेजकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. प्लगचं प्लास्टिक पेट घ्यायच्या आधी किती तरी दिवस शिजत असतं, आणि शिजताना त्याला माशासारखा वास येतो. जळक्या घरांतल्या माणसांना नंतर आठवायचं, हो, वास येत होता खरा.

"ठमे, चपला घाल. रंगाची पेटी घे आणि फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बस. मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही."

"का?"

"मासे बघून येतो."

खोलीत वास होताच. सॉकेटभोवतीचा पांढरा रंग तपकिरी झाला होता, आणि कान जवळ नेला तर आतून बारीक चरचर ऐकू येत होती. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजत परत वर आले. प्लग ओढला, निघेना. सॉकेटशी वितळून एकजीव झाला होता. शेवटी स्क्रू ड्रायव्हर घालून त्यांनी सॉकेट फोडलं, तेव्हा प्लग सुटला.

मग ते पलंगाच्या कडेला बसले. नुसती काढून ठेवली तर सोमवारी नव्या सॉकेटात हीच केबल लागेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. प्लग जळाला तर लोक दुसरा प्लग जोडतात, वायर तुटली तर चिकटपट्टी गुंडाळतात. त्यांनी पक्कड घेतली आणि केबलचे वीत-वीत तुकडे केले. कुणाला जोड मारता येणार नाही असे.

संध्याकाळी जावई तुकड्यांच्या ढिगाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"सॉकेट जुनं होतं, म्हणून वितळलं," तो म्हणाला. "हे सॉकेट कुणी बसवलं होतं, बाबा?"

फेजकाकांनीच बसवलं होतं. आठ वर्षांपूर्वी, घर बांधलं तेव्हा, एकही पैसा न घेता, आख्खं वायरिंग.

"सॉकेट चांगलं होतं," ते म्हणाले.

"आता कसं कळणार? फोडलंत ना तुम्ही."

मुलीने ठमीला जवळ घेतलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती. "बाबा," ती हळू म्हणाली, "थोडे दिवस येऊ नका."

घरी आल्यावर ते विचार करत राहिले. आतला एक स्क्रू सैल राहिला तरी सॉकेट तापून वितळतं. त्या सॉकेटचे स्क्रू आवळलेले त्यांना आठवत होते. तिन्ही. की दोन? त्या दिवशी मुलीने जेवायला हाक मारली होती आणि ते मध्येच उठले होते. उठायच्या आधी तिसरा आवळला, की आल्यावर? हातांनी एकतीस वर्षं कधी धोका दिला नव्हता. पण आता त्या हातांनाच विचारायचं, तर हात काही बोलेनात.

महिना गेला, दुसरा गेला. जावयाने कंपनीची केबल आणली आणि दुसऱ्या वायरमनकडून अंगणात स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. हे त्यांना ठमीने फोनवर सांगितलं. "आणि आजोबा, मासे गेले. तुम्ही कधी येणार?"

"येतो," ते म्हणाले. मागून मुलीचा आवाज आला, "चल, ठेव आता," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून शोरूममध्ये गेले. आत गारवा होता. एका कोवळ्या जोडप्याला गाडीची किल्ली देणं चाललं होतं. बायकोच्या कडेवर तान्हं मूल होतं. नवऱ्याने काहीतरी विचारलं आणि शोरूमची मुलगी हसून म्हणाली, "ती वेगळी घ्यावी लागते, सर. बाजारात कुठेही मिळते."

ते जोडपं गेल्यावर शोरूमची मुलगी काउंटरवर आली. "बोला काका."

"गाडीबरोबर केबल द्यायला पाहिजे," फेजकाका म्हणाले. "किमतीत धरा, पण द्या. माणसाला निवडायला लावू नका. माणूस स्वस्त तेच निवडणार."

"तसं बरेच जण बोलतात, काका. पण ज्यांच्याकडे आहे ते म्हणतात, आम्ही दोनदा पैसे का भरायचे?" ती चांगली होती, कंटाळली नव्हती. "आमच्या हातात नाही ते. तुम्ही तक्रार लिहून द्या, मी वर पाठवते."

तिने छापील कागद आणि पेन दिलं. गाडीचा नंबर त्यांना पाठ होता. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी सगळं सविस्तर लिहिलं, सॉकेट स्वतः बसवल्याचंही. त्याखाली विचारलं होतं, नुकसान काय झाले?

पेन तिथे थांबलं. बाहेर ते जोडपं गाडीसमोर उभं राहून फोटो काढून घेत होतं. फेजकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "काही नाही. घरातली सर्व माणसे सुखरूप आहेत." आणि खाली सही केली.

शोरूमच्या मुलीने कागद उभ्या उभ्या वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मग चांगलंच झालं की, काका."

"हो," फेजकाका म्हणाले. "चांगलंच झालं."